शेठजींची शुश्रूषा

थोरांच्या सेवेचे प्रसंग या अंकांत दरवर्षीं वाचावयास मिळतात. मी आज सांगणार आहें तो प्रसंग एका अगदीं लहान जिवाच्या सेवेचा आहे. आणि त्या सेवेंत माझ्या हातून पुण्यापेक्षां चुकाच अधिक घडल्या. रोगी म्हणजे आमच्या घरचा म्हातारा हॅमस्टर. त्याचें वजन सव्वाशें ग्रॅम, दोन मुठी शेंगदाण्यांएवढें. विषय क्षुल्लक म्हणून वाचकांनीं प्रथम हंसावें, माझी हरकत नाहीं. शेवटीं मात्र हंसूं नये, एवढीच विनंती.

आमचें घर लोणी काळभोर येथें शेतांत आहे. आजोबांच्या वेळीं आमच्या गोठ्यांत खिलारी बैलांची जोडी आणि दोन म्हशी असत. आतां त्या गोठ्यांत ट्रॅक्टर उभा असतो. जनावरांची संवय असलेल्या आजीला हा रिकामा गोठा पाहून फार चुकल्यासारखें होई. २०२२ सालच्या दिवाळींत मामांनीं पुण्याहून एक लहानसा पिंजरा आणला व त्यांतील दोन महिन्यांचा प्राणी माझ्या ओंजळींत ठेवला. पाठ सोनेरी, पोट पांढरें, डोळे काळ्या मण्यांसारखे आणि शेपूट जवळजवळ नाहींच. आजीनें चष्मा सांवरून पाहिलें व म्हणाली, “घरात उंदरं काय कमी हाईत, म्हून इकत आणलं?”

परंतु चार दिवसांतच तिचें मत बदललें. हा प्राणी दिवसभर झोपे व दिवेलागण झाली कीं जागा होई. त्याच्या गालांच्या आंत खांद्यापर्यंत पोचणाऱ्या दोन पिशव्या असतात. बाजरीचे दाणे दिले कीं तो ते न खातां गालांत भरी, तोंड सुजल्यासारखें करून कोपऱ्यांत जाई आणि पुढच्या पायांनीं गाल दाबून सर्व माल तेथें उतरवी. दिवसभरांत मिळालेला प्रत्येक दाणा या कोठारांत जमा व्हावयाचाच. आजी पोट धरून हंसली. “ह्यो तर भुसार बाजारातला शेठजी,” ती म्हणाली. त्या दिवसापासून त्याचें नांव शेठजी पडलें, व आम्ही सर्व जण त्याच्याविषयीं आदरार्थीं बोलूं लागलों.

हॅमस्टरचें आयुष्य साधारणपणें दोन ते तीन वर्षांचें असतें. आपल्या घरांत आलेलें पिल्लू आपण नववींतून दहावींत जाण्यापूर्वींच म्हातारें होणार, ही गोष्ट मला कोणीं सांगितली नव्हती, आणि मींही विचारली नव्हती. २०२४ चा उन्हाळा संपतां संपतां शेठजींचें चाक रात्रीं फिरेनासें झालें. पाठीवरचे केंस विरळ झाले. कोठार भरणें चालू होतें, पण एका फेरींत चार दाण्यांवर माल उतरेना.

त्याच वर्षीं ज्येष्ठ वद्यांत नेहमींप्रमाणें तुकाराम महाराजांची पालखी लोणीस मुक्कामास आली. पुण्याहून दोन्ही पालख्या निघतात. हडपसरला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाकडे वळते व तुकोबांची आमच्या गांवाकडे येते. त्या दिवशीं आमच्या घरांत, ओसरीवर व गोठ्यांत मिळून वारकरी उतरलेले असतात. पिंजरा पायांत येऊं नये म्हणून मीं तो उचलून मागच्या पडवींत न्हाणीजवळ ठेवला. भाकऱ्या वाढण्यांत, पाणी देण्यांत व भजन ऐकण्यांत तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशीं आवराआवर. तिसऱ्या दिवशीं पाऊस. मी दाणे टाकीत होतों, पाण्याची बाटली भरीत होतों. परंतु पिंजऱ्यांतला लांकडाचा भुसा बदलावयाचें आठ दिवस राहून गेलें. पडवीची ओल व शेठजींचें मूत्र यांनीं तो भुसा भिजून दडपला होता, आणि सांधे आंखडलेला तो म्हातारा जीव त्यावरच निजत होता.

आठव्या दिवशीं मीं त्यास उचललें तेव्हां हाताला चिकट लागलें. उजेडांत पाहतां पोटाच्या कडेला व मागच्या मांडीवर तीन व्रण होते. एकावर पिवळी खपली, दुसऱ्यांतून पू, व तिसरा उघडा लाल. पाठीवर केंस गेलेल्या जागीं कोंडा धरला होता. शिवाय दोन्ही कुशींवर एकेक काळा डाग दिसला, त्यानें तर माझी पांचावर धारण बसली. दोनशें पाहुण्यांना मीं पाणी दिलें होतें, आणि ज्याला माझ्यावांचून दुसरा कोणी नव्हता तो माझ्या घरांत ओल्यावर पडून राहिला होता.

अपराधाची जाणीव झाली कीं मनुष्य घाईनें उपाय करूं लागतो, व घाईचे उपाय बहुधा आपल्याच मनाच्या शांतीसाठीं असतात. मीं खोबरेल तेलांत हळद कालवून व्रणांवर लावली. पांच मिनिटांत शेठजींनीं ती चाटून साफ केली व जखमा अधिकच ओल्या केल्या. मग घरांतलें खरजेवरचें मलम आणलें. आईनें तें हातांतून काढून घेतलें, कारण तेंही पोटांत जाणार हें तिला दिसत होतें. रात्रीं माझी नजर फळीवरच्या एका बाटलीवर गेली. धाकट्या भावाचा घसा सुजला होता त्या वेळीं आणलेलें गोड, गुलाबी औषध तिच्या तळाशीं शिल्लक होतें. भाऊ त्यानें तीन दिवसांत बरा झाला होता. पू होणें म्हणजे जंतू होणें, आणि जंतूंवर हें औषध. एवढें शास्त्र मला ठाऊक होतें. मीं ड्रॉपरमध्यें दोन थेंब घेतले व शेठजींस ओंजळींत धरलें.

आजी माळ ओढीत बसली होती. तिनें विचारलें, “काय देतुयास?” मीं सांगितलें. तिनें माळ बाजूला ठेवली.

“आरं, ते दुसऱ्याच्या दुखण्याचं औषध. इचारल्याबगर देऊ नगं. बैलाला मानवतं ते म्हशीला मानवत न्हाई. आधी त्याचं अंथरूण कोरडं कर. मग सकाळी डाक्टरला दाव.”

मला राग आला. सकाळपर्यंत तो जगला नाहीं तर, असें मीं विचारलें. “तर तू मारलास असं तरी व्हनार न्हाई,” ती शांतपणें म्हणाली. मीं ड्रॉपर मोरींत रिकामा केला. त्या रात्रीं आम्हीं दोघांनीं भुसा काढून टाकला, पिंजरा गरम पाण्यानें धुवून कोरडा पुसला, न छापलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या फाडून अंथरल्या व शेठजींस माजघरांत चुलीच्या भिंतीशीं आणून ठेवलें. पूर्वीं पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळणी कशी करीत, हें आजी त्या वेळीं सांगत होती. वर्षभर जुंवाखालीं दबलेला खांदा प्रथम ऊन पाण्यानें शेकावयाचा, कोरडा करावयाचा, आणि मगच हळद व तूप चोळावयाचें. “वल्या जखमेवर औषध म्हंजी चिखलात पेरणी,” असें ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीं बिस्किटांच्या डब्याच्या झांकणास भोकें पाडून, त्यांत शेठजींस बसवून, आई व मी बसनें पुण्यास गेलों. लहान प्राण्यांवर उपचार करणारे एक डॉक्टर तेथें आहेत. त्यांनीं प्रथम शेठजींचें वजन केलें. तें एकशें सहा ग्रॅम भरलें. म्हणजे एकूणिसांचा तोटा झाला होता. ज्या काळ्या डागांना मी सर्वांत अधिक भ्यालों होतों ते पाहून डॉक्टर हंसले. त्या हॅमस्टरच्या जन्मजात ग्रंथी. नरांत त्या ठळक दिसतात, व केंस विरळ झाले म्हणजे त्या रोगासारख्या वाटतात. नंतर त्यांनीं पाठीवरचा कोंडा हलक्या हातानें खरवडून कांचेवर घेतला व मला सूक्ष्मदर्शकांतून पाहावयास सांगितलें. लांबट, टोंकाकडे निमुळते असे किडे त्यांत दिसले. खरजेच्या किड्याचेच हे भाऊबंद. त्यांचें नांव डेमोडेक्स. निरोगी हॅमस्टरच्या त्वचेंतही ते थोडे असतात व निमूटपणें राहतात. परंतु म्हातारपणानें किंवा आंतल्या आजारानें अंगची शक्ति कमी झाली कीं ते माजतात, केंस गळतात, आणि अशा त्वचेस ओल लागली म्हणजे जंतू शिरून व्रण होतात. थोडक्यांत, म्हातारपण देवानें दिलें होतें, पण ओल मीं दिली होती.

मग मीं भीत भीत त्या गुलाबी औषधाची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनीं औषधाचें नांव विचारलें, व तें ऐकल्यावर ते क्षणभर कांहीं बोलले नाहींत. “तें पेनिसिलीनच्या कुळांतलें औषध आहे,” ते म्हणाले. “माणसाला तें तारतें. हॅमस्टरला तें मारतें.”

हें कसें, तें त्यांनीं मला समजावून सांगितलें. हॅमस्टरच्या आंतड्यांत असंख्य उपकारक जंतू राहतात व त्यांच्या गर्दींत विषारी जंतूंस वाढावयास जागा मिळत नाहीं. पेनिसिलीन व त्याच्या कुळांतील औषधें हे उपकारक जंतूच मारून टाकतात. मग विषारी जंतू मोकळे होतात, त्यांच्या विषानें हगवण लागते, आणि थोड्याच दिवसांत प्राणी मरतो. गिनीपिगचेंही तसेंच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं पेनिसिलीनचा शोध १९२८ सालीं लंडनमध्यें लावला. पुढें २५ मे १९४० रोजीं ऑक्सफर्डमध्यें फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आठ उंदरांना जंतू टोंचले. चौघांना पेनिसिलीन दिलें, चौघांना दिलें नाहीं. ज्यांना औषध मिळालें नाहीं ते चारही सकाळपर्यंत मेले. त्या दिवशीं उंदरांच्या जागीं हॅमस्टर असते, तर या औषधाविषयीं शास्त्रज्ञांचा ग्रह कदाचित् निराळाच झाला असता.

आपल्या जवळच पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. त्या औषधानें किती घरांतलीं माणसें वांचलीं असतील! माझी आजी लहानपणीं न्यूमोनियांतून उठली ती त्याच औषधानें, असें तीच सांगते. आणि त्याच औषधाचे दोन थेंब माझ्या हातून शेठजींचा प्राण घेणार होते. तोही प्रेमानें, ओंजळींत धरून. परत येतांना बसमध्यें मी आजीच्या त्या एका वाक्याचाच विचार करीत होतों. तिला पेनिसिलीनच्या कुळाचें ज्ञान नव्हतें. परंतु आपल्याला ठाऊक नाहीं हें तिला ठाऊक होतें, आणि त्या रात्रीं तेवढें ज्ञान पुरलें.

किड्यांवरचें औषध डॉक्टरांनीं स्वतः मोजून दिलें. जंतूंसाठीं हॅमस्टरला चालणारें निराळें औषध थेंबाच्या हिशेबानें दिवसांतून दोन वेळां द्यावयाचें होतें. बाकी सर्व काम आमचें. एक लिटर पाणी उकळून त्यांत नऊ ग्रॅम मीठ घालावें, तें कोमट झाल्यावर कापसाच्या बोळ्यानें व्रण टिपावे. खपली ओढूं नये. मग मऊ कापडानें पूर्ण कोरडें करावें. आंघोळ कदापि घालूं नये. मलम लावूं नये, कारण जें अंगावर तें पोटांत. अंथरूण रोज बदलावें. पिंजऱ्यांतील चढउताराच्या वस्तू काढाव्या व पाणी त्यास बसल्या बसल्या मिळेल अशा उंचीवर ठेवावें. दांत निरुपयोगी झाले नाहींत, पण शक्ति नाहीं, म्हणून उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक, मऊ शिजविलेली बाजरी व काकडीची पातळ चकती द्यावी. हाताळण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. आणि रोज त्याच वेळीं वजन करून वहींत लिहावें.

ती वही माझ्यापाशीं अजून आहे. पहिला आठवडा वाईट गेला. वजन एकशें एक ग्रॅमपर्यंत उतरलें. शेठजी दिवसा निजत, म्हणून शुश्रूषेची वेळ रात्रीं नऊची व पहाटे पांचची ठरली. पहिल्या रात्रीं ते मला कडकडून चावले. दुखणाऱ्यास आपला हेतु दिसत नाहीं, आपला हातच दिसतो. पुढें मीं जमिनीवर बसून, दोन्ही तळहातांची वाटी करून, ते आपण होऊन तींत येईपर्यंत थांबण्याची संवय केली. कधीं दोन मिनिटें लागत, कधीं वीस. दुसऱ्या आठवड्यांत पू थांबला. तिसऱ्यांत खपल्या आपोआप गळल्या व खालीं गुलाबी कातडी दिसली. वहींत त्या दिवशीं एकशें दहा ग्रॅम अशी नोंद आहे, व तिच्याखालीं आजीच्या सांगण्यावरून काढलेलें एक स्वस्तिक आहे.

तिसऱ्या भेटींत डॉक्टर सहज म्हणाले, “तुझ्या शेठजींच्या कुळाचें आपल्यावर ऋण आहे, तें तूं थोडें फेडीत आहेस.” त्याचा अर्थ मीं शाळेंत विज्ञानाच्या गुरुजींच्या मदतीनें शोधला. १९३० सालीं इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानें सीरियांत अलेप्पो शहराजवळच्या शेतांत खोल बीळ खणवून एक हॅमस्टर मादी व तिचीं अकरा पिल्लें मिळविलीं. त्यांतलीं मोजकींच जेरुसलेममध्यें जगलीं. परंतु आज जगभर प्रयोगशाळांत व घरांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते बहुतांशीं त्या एका विणीचे वंशज होत. हा प्राणी हवा होता तो सॉल ॲडलर या शास्त्रज्ञास, लीशमॅनिया नांवाच्या परजीवींच्या अभ्यासासाठीं. आपल्या देशांत बंगाल, बिहार व आसाम या प्रांतांत पूर्वीं हजारों माणसांचा बळी घेत असलेला काळा आजार या परजीवींमुळें होतो. आणि त्याच वर्गांतील परजीवींमुळें अंगावर जे हट्टी व्रण होतात, त्यांना अलेप्पोचे फोड असेंच जुनें नांव आहे. माणसांच्या व्रणांसाठीं ज्याचें कूळ बिळांतून उपसून आणलें गेलें, तोच आज स्वतःचे व्रण घेऊन माझ्या ओंजळींत बसला होता.

दुसरी गोष्ट तर अगदीं आपल्या गांवची निघाली. २०२० सालीं करोनाच्या सांथींत पालखी लोणीवरून पायीं गेलीच नाहीं. पादुका एसटीनें पंढरपुरास नेल्या गेल्या. त्या वर्षीं आमची ओसरी ओस पडलेली मला आठवते. त्याच सालीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंत, जिची स्थापना १९५२ सालीं झाली, कोव्हॅक्सिन या भारतीय लशीची परीक्षा प्रथम ज्या प्राण्यांवर झाली, त्यांत सीरियाचे हॅमस्टर होते. लस कांहीं एकट्या त्यांच्यामुळें झाली नाहीं. शेंकडों माणसांचे श्रम तिच्यांत आहेत. परंतु २०२२ सालीं वारकरी पुन्हां आमच्या ओसरीवर येऊन बसले, त्यांत या मुक्या जिवांचाही वांटा होता. आणि त्यांच्याच सरबराईच्या गडबडींत मीं एका हॅमस्टरला ओल्यांत विसरलों होतों.

शाळेच्या प्रार्थनेंत आपण चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकतों. तो जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, एवढेंच आमच्या ध्यानांत राहतें. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाहीं. तो त्यास उतारशाळेंत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो व दुसऱ्या दिवशीं उतारशाळेच्या रक्षकास पैसे देऊन पुढची व्यवस्था लावतो. एकनाथ महाराजांनीं रामेश्वरासाठीं नेलेलें गंगेचें पाणी तडफडणाऱ्या गाढवास पाजलें, तें त्या गाढवास त्या क्षणीं पाणीच हवें होतें म्हणून. दया दोघांनाही आली. परंतु दयेबरोबर त्यांनीं समोरच्यास काय हवें आहे हेंही पाहिलें. मला दया आली तेव्हां मीं प्रथम माझ्या हाताशीं काय आहे तें पाहिलें. हाच काय तो फरक, आणि त्या फरकांत एक जीव जाणार होता.

शेठजी त्यानंतर पांच महिने जगले. केंस पूर्ण आले नाहींत, पण व्रण पुन्हां झाले नाहींत. डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलें होतें कीं खाणें सुटलें व वेदना दिसूं लागल्या, तर त्यास त्रासावांचून मरण देणें हेंही उपचारांतच मोडतें, व त्या निर्णयास भिऊं नये. तो निर्णय घेण्याची वेळ आली नाहीं. डिसेंबरच्या थंडींत मी रोज रात्रीं ऊन पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून पिंजऱ्याशीं ठेवीत असें. एका पहाटे मीं वाटी केलेले हात पुढें धरले व वाट पाहिली. वीस मिनिटें झालीं, तरी कोणी आलें नाहीं. शेठजी आपल्या कोठाराशेजारीं अंगाचें मुटकुळें करून निजले होते. आदल्या रात्रीं दिलेले बाजरीचे दाणे नीट रचून ठेवलेले होते.

बांधावरच्या लिंबाखालीं मीं त्यांना पुरलें. आजी काठी टेकीत आली. तिनें ते दाणे पदरांत आणले होते. ते तिनें मातींत टाकले. पुढच्या पावसांत तेथें बाजरीचीं चार ताटें उगवलीं, व त्यांची कणसें पांखरांनीं खाल्लीं.

आतां आमच्या घरांत उरलेल्या औषधाची बाटली फळीवर राहत नाहीं. आई ती त्याच दिवशीं रिकामी करते. आणि पालखीच्या दिवशीं, वारकऱ्यांस पाणी देण्यापूर्वीं, मी एकदां मागच्या पडवींत जाऊन येतों. तेथें आतां कोणी नसतें, तरी जातों.